एकाच पातेल्यातलं

बाओबाबच्या फांदीला मी काटा टांगते
तेव्हा बायका बोलायच्या थांबतात.
आज जुळी आहेत. ताकोंद्वा आणि तामांडानी,
चौदा महिन्यांची, लोनेसच्या पोटची,
एका दुपारी अर्ध्या तासाच्या अंतराने आलेली.
ताकोंद्वा झोळीत पाय झाडतो, काट्याशी भांडतो.
तामांडानी निपचित लोंबते
आणि वजन भरतं तिचंच जास्त.

नव्या नर्सला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
काट्यावर नको, अंगठ्यावर विश्वास ठेव.
पावलावर दाब, तीनपर्यंत मोज, उचल.
तामांडानीच्या पावलावर
माझ्या अंगठ्याची खळी तशीच राहिली,
मऊ मेणात राहावी तशी.
हे पाणी आहे. बाळसं नाही.
तिचे केसही तांबूस, विरळ,
मक्याच्या कणसाला असतात तसे.

"एकाच पातेल्यातलं न्सिमा, एलुबी,
एकाच चमच्यानं," लोनेस म्हणते.
"सुकी उसिपा कुटून दोघांत सारखी वाटली.
डावी बाजू त्याची, उजवी तिची,
दर आठवड्याला अदलाबदल केली,
कुणावर अन्याय नको म्हणून."
मग आवाज उतरतो.
"सासू म्हणते, त्सेम्फो."

इथं त्या शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही.
बाप बाहेर निजला की लेकरू सुजतं, एवढंच.
ग्रेव्हाझिओ दोन वर्षं योहान्सबर्गला, विटा वाहतो.
पाप म्हणे त्याचं,
विहिरीवर मान मात्र हिची खाली.

मी नळ्या काढते. लंगोटातलं खरवडून
याचं यात, तिचं तिच्यात.
"आली शी गोळा करणारी!"
अकरा वर्षं बायका हेच म्हणून हसतात. मीही हसते.
डबा उघडला की थंड वाफ उठते,
पोरं पळतात आणि परत येतात.
सायकलवर मांगोची, पुढे विमान, पुढे समुद्र.
मी कधी गेले नाही तिथवर
माझ्या हातचं जातं.

तिकडे म्हणे उंदीर असतात,
जन्मापासून एकही जंतू न शिवलेले, कोऱ्या पोटाचे.
मागच्या एका जुळ्यांचं तसंच पाठवलेलं.
एका उंदराला धडधाकट भावाच्या पोटातली वस्ती दिली,
दुसऱ्याला आजारी भावाच्या.
दोघांपुढे आपलंच मक्याचं पीठ.
दुसरा वाळत गेला.
"म्हणजे जंतूंमुळेच?" मी डॉक्टर न्यिरोंगोंना विचारलं.
"कदाचित," त्या म्हणाल्या. "अन्नामुळेही. पाण्यामुळेही."
आमच्याकडे कदाचितला कापेना म्हणतात.
एवढासा शब्द,
त्यावर किती जणी टेकून उभ्या राहतील?

तरी लोनेसला सांगितलं. जमेल तसं.
अन्न पातेल्यात एकदा शिजतं, पोटात पुन्हा.
त्याच्या पोटात रांधणाऱ्या पुष्कळ,
हिच्या पोटात निम्म्या चुली थंड. कापेना.
ती बराच वेळ गप्प.
"मग त्याचं पाप नाही?"
"यात तरी नाही."
"फोनवर सांगू नकोस हं त्याला," ती म्हणाली,
आणि दातांत पदर धरल्यासारखी
चितेंजेचं टोक तोंडात धरून हसली.

शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं दिली. रोज तीन.
नवव्या दिवशी सासूच दारात.
"पोर वाळवलीत! वजन बघा!"
वजन खरंच उतरलेलं.
मी बोलले नाही, तिचाच हात धरला,
तिचाच अंगठा नातीच्या पावलावर दाबला.
एक. दोन. तीन.
खळी पडली नाही.
म्हातारी आपल्या अंगठ्याकडे बघत बसली.
तामांडानीने पाय ओढून घेतला आणि भोकाड पसरलं.
महिन्यात पहिल्यांदा रडली असेल अशी.

पाकिटं शुक्रवारी संपतील.
लगदा थांबला की आतली वस्ती
हळूहळू जुन्या वळणावर जाते, कधी कधी,
असंही डॉक्टर म्हणाल्या होत्या.
ते मी अजून पोटातच ठेवलंय.